नकाशावर नाव नको म्हणणाऱ्या तांडेलकाकांना

आदरणीय तांडेलकाका,

सप्रेम नमस्कार.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली असलेल्या खडकांचा आम्ही तयार केलेला नकाशा आता मालवणात स्कूबा डायव्हिंग करणाऱ्या मंडळींच्या हाती पडला आहे. त्यावर आपले नाव घालायचे नाही, असे तुम्ही बजावले होते. तो शब्द पाळला आहे. मात्र जाहीर आभार मानायचे नाहीत, असे तुम्ही म्हणाला नव्हता.

देहरादूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाचे सागरी नकाशे मुख्यतः जहाजांसाठी असतात आणि जहाजाला खडकापासून लांब ठेवणे हे त्यांचे काम. पाण्यात उतरणाऱ्याला नेमके त्याच खडकाशी जायचे असते. कपार कोणत्या अंगाला आहे, प्रवाळ कुठे सुरू होते, गोबरा मासा कोणत्या खबदाडीत बसतो, हे त्याला हवे असते. ही माहिती टेप, होकायंत्र आणि पाटी घेऊन हातानेच गोळा करावी लागते, कारण उपग्रहांच्या रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात काही सेंटिमीटरांतच विरतात आणि जीपीएस खाली निरुपयोगी ठरते. म्हणून तळाशी वजन सोडायचे, त्याच्या दोरीला वर बोया बांधायचा, बोयाची जागा जीपीएसवर नोंदवायची आणि खालची सगळी मोजमापे त्या वजनापासून घ्यायची, अशी आमची पद्धत. पण पाण्याला ओढ असली की दोरी तिरकी होते आणि बोया भलतीकडेच तरंगतो. देवळाचा कळस डोंगराच्या खाचेत आणि किल्ल्याचा बुरूज मागच्या माडांच्या रेषेत आणून तुम्ही होडी खडकाच्या माथ्यावर उभी करत होता, तेव्हा आमच्या यंत्राला तपासून पाहण्याचे दुसरे साधन मिळाले.

भरतीच्या हिशेबाबद्दल तर किती लिहावे! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोकणात पुष्कळांना ठाऊक असते. अष्टमीला सहा, हे आम्हीही सांगू शकलो असतो. मात्र भरती दक्षिणेकडून वर सरकते, त्यामुळे मालवणात ती मुंबईच्या आधी येते आणि तेवढी वेळ वजा करावी लागते, हे तुम्ही पहिल्याच दिवशी समजावले. उधाणात इथले पाणी दोन मीटरच्या आसपास चढउतार करते. सहा मीटर खोलीच्या खडकाच्या नकाशात एवढी तफावत चालणारी नव्हती, म्हणून प्रत्येक आकड्यासोबत वेळ लिहून तो नीचतम ओहोटीच्या पातळीला आणला, आणि मोजमापासाठी भांगाचे, म्हणजे कमी चढउताराचे, दिवस तुम्हीच निवडून दिले.

सर्वांत उपयोगी पडला तो तुमचा साबण. शिशाच्या गोळ्याच्या बुडाला साबण फासून तुम्ही दोरी सोडत होता. वर आलेल्या साबणाला वाळू आणि शिंपल्यांची चुरी चिकटलेली असली की तिथे नांगर टाकायला हरकत नाही. साबण कोरा आणि खरचटलेला आला, तर खाली खडक. या नोंदींवरूनच नकाशावर नांगराच्या वाळूच्या जागा पिवळ्या रंगात दाखवता आल्या. हा परिसर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, पण फळीवरच्या सूचनेने प्रवाळ वाचत नाही. नांगर कुठे पडतो, यावर ते अवलंबून असते. माझ्या मते नकाशातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे.

लांबच्या पाण्यातली, गावाच्या रोजीरोटीची खडपे, म्हणजे मासेमारीचे खडक, नकाशात येऊ नयेत, अशी तुमची एकच अट होती. ती काही जणांना रुचली नाही, मला मात्र रास्त वाटली. ज्या खुणा तुमच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, त्या सुट्टीत आलेल्या कोणाच्याही मोबाइलवर उघड्या करण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. ती खडपे नकाशात नाहीत.

खडकांची नावे तुम्ही सांगितली तशीच ठेवली आहेत. पाण्याने खराब न होणारी एक प्रत घरी पोहोचवली आहे. ती पाहून जे खटकेल त्यावर खूण करून ठेवावी. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की किल्ल्याच्या पश्चिमेचे राहिलेले काम हाती घ्यायचे आहे आणि त्यासाठी होडी तुमचीच हवी आहे.

आपला कृतज्ञ,
नकाशाच्या कामातला एक पाणबुड्या