खुरटलेली वाढ आणि दुर्लक्षित आतडे

महोदय,

बालकुपोषणाची आपल्याकडील चर्चा बहुधा ताटापाशी सुरू होते आणि ताटापाशीच संपते. उष्मांक किती, प्रथिने किती, अंगणवाडीतला शिधा वेळेवर मिळाला की नाही, हे प्रश्न रास्तच आहेत. परंतु खाल्लेले अन्न मुलाच्या अंगी लागते की नाही, हा त्यापुढचा प्रश्न बांगलादेश, झिम्बाब्वे, पाकिस्तान अशा देशांतील संशोधकांनी गेल्या दीड दशकात नेटाने लावून धरला असूनही आपण त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही.

अस्वच्छ परिसरात वाढणाऱ्या मुलांच्या पोटात विष्ठेतील जंतू सतत थोडे थोडे जात राहतात. त्यामुळे जुलाब होत नसतानाही लहान आतड्याच्या अस्तराला सूज राहते, अन्नरस शोषून घेणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे आखूड होतात आणि सैल पडलेल्या अस्तरातून जंतूंचे अंश रक्तात उतरतात. मूल वरकरणी ठीक दिसते, पण त्याची उंची वयाच्या मागे पडत जाते. 1960च्या दशकात आशियात राहिलेल्या अमेरिकी स्वयंसेवकांच्या आतड्यातही असे बदल आढळले होते आणि मायदेशी परतल्यावर ते ओसरले होते. दोष वंशाचा नसून परिसराचा आहे, हे त्यावरून तेव्हाच दिसले होते.

या विकाराचे मोजमाप मात्र अवघड आहे. खात्रीचे निदान आतड्याचा नमुना तपासूनच होते आणि हसत्या-खेळत्या तान्ह्या मुलाच्या पोटात केवळ अभ्यासापोटी दुर्बीण घालणे नैतिकदृष्ट्या योग्य नाही. म्हणून मुलाला लॅक्ट्युलोज व मॅनिटॉल या दोन शर्करा पाजून त्या लघवीत किती उतरतात हे पाहिले जाते आणि त्यावरून अस्तर किती सैल पडले आहे व किती शोषून घेते याचा अंदाज बांधला जातो; पण तान्ह्या बाळाची कित्येक तासांची लघवी गोळा करणे म्हणजे काय, हे त्याच्या आईलाच विचारावे.

स्वच्छता सुधारली की आतडे सुधारेल आणि उंची वाढेल, हा तर्क सरळ वाटतो. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे येथील तीन मोठ्या चाचण्यांत तो पडताळला गेला. घरोघरी सुधारित शौचालय, हात धुण्याची सोय आणि पाण्यात क्लोरीन देऊनही, 2018 व 2019 मध्ये आलेल्या निष्कर्षांत, मुलांच्या उंचीत फरक दिसला नाही. बांगलादेशात अतिसार घटला, तरी उंची वाढली नाही. पूरक आहाराने उंचीत थोडी भर पडली, एवढेच. यावरून शौचालये निरुपयोगी ठरवणे चूक होईल. कोंबड्यांची विष्ठा पडलेल्या अंगणात रांगणारे आणि हाताला लागेल ती माती तोंडात घालणारे मूल एवढ्या उपायांनी जंतूंपासून वाचत नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो.

महाराष्ट्राची आकडेवारीही विचार करायला लावणारी आहे. पाच वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 2015-16 मध्ये 34.4 टक्के होते. पुढच्या, 2019-21च्या फेरीत ते 35.2 टक्के नोंदले गेले. मधल्या काळात, 2018 मध्ये, राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त जाहीर झाला होता. दुसऱ्या फेरीत मोजलेली बरीच मुले त्याआधी जन्मलेली असल्याने यातून घाईने निष्कर्ष काढू नये, हेही खरे.

ढाक्यातील मिरपूरच्या वस्तीत झालेला एक प्रयोग आशादायक आहे. हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे आणि कच्ची केळी यांपासून केलेला, आतड्यातील उपयुक्त जंतूंना पोसणारा आहार तेथील कुपोषित मुलांना तीन महिने दिला असता, उष्मांक कमी असूनही, प्रचलित पूरक आहारापेक्षा त्यांचे वजन अधिक वेगाने वाढले. 2021 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मात्र तो सुमारे सव्वाशे मुलांवरचा छोटा प्रयोग होता आणि सिद्ध झाली ती वजनवाढ. उंचीचा प्रश्न त्याने सुटलेला नाही. उद्या कोणी ‘केळ्याची जादुई पेज’ विकू लागल्यास वाचकांनी हा भेद ध्यानात ठेवावा.

यातील एकही जिन्नस महाराष्ट्राला परका नाही. तेव्हा मेळघाट, नंदुरबार, पालघर येथे असा आहार शास्त्रशुद्ध तुलनेने तपासून पाहण्याचे काम राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांकडे सोपवावे, आणि अंगणवाड्यांत वजनाइतक्याच काटेकोरपणे उंची मोजली जावी, यासाठी सेविकांना चांगली साधने व पुरेसा वेळ द्यावा, अशी आपल्या दैनिकामार्फत शासनाला विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त बालरोगतज्ज्ञ, नाशिक