लंडनहून बाबांस : चर्चिलच्या विनोदाविषयी

लंडन

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपण पाठवलेला चर्चिलचा संदेश वाचला. स्वतंत्र भारताची सत्ता लुच्च्या-लफंग्यांच्या हाती जाईल, हे त्याच्या नावावरचे भाकीत दर निवडणुकीला आपल्याकडे फिरते, पण त्याच्या छापील भाषणांत ते सापडत नाही. अर्थात, यामुळे गृहस्थ सुटला असे समजू नये. ६ मार्च १९४७ रोजी ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहात तो खरोखर म्हणाला होता की, आपण भारत ज्यांच्या स्वाधीन करत आहोत ती गवताची, म्हणजे पोकळ, माणसे आहेत आणि थोड्याच वर्षांत त्यांचा मागमूसही उरणार नाही.

त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला, त्याच सभागृहात, त्याने लोकशाहीविषयीचे ते प्रसिद्ध वाक्य उच्चारले: आजवर करून पाहिलेल्या इतर सगळ्या राज्यपद्धती वगळल्या, तर लोकशाही ही सर्वांत वाईट राज्यपद्धती होय. ‘असे म्हटले गेले आहे’ अशी पुस्ती त्याने स्वतःच जोडली होती, ती मात्र सगळेजण गाळतात. त्यातही मौज अशी की, कोणीही निवडून न दिलेल्या लॉर्ड्सचा, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचा, कायदे लांबवण्याचा अधिकार कमी करणाऱ्या विधेयकाला विरोध करताना तो हे बोलत होता.

तरीही ते वाक्य मला पोकळ वाटत नाही, कारण बोलणाऱ्याने त्याची किंमत मोजली होती. १९४५ साली दुसरे महायुद्ध संपत आले असतानाच मतदारांनी पंतप्रधान असलेल्या त्याला घरी बसवले आणि मजूर पक्षाला ३९३ जागा दिल्या. पत्नी क्लेमेंटाइन म्हणाली, ‘कदाचित हे वेष पालटून आलेले वरदान असेल.’ त्यावर तो उत्तरला, ‘सध्या तरी त्याने वेष फारच बेमालूम पालटलेला दिसतो.’ हरल्यावर इतके नेमके बोलणारा पुढारी आपल्या जिल्ह्यात तरी मला आठवत नाही.

बाबा, मला वाटते, ज्यांच्या मतांवर त्याची खुर्ची अवलंबून होती त्यांच्यासमोर त्याचा विनोद शहाणा राहिला. ज्यांना मतच नव्हते त्यांच्याकडे वळताच त्याचा निव्वळ तुच्छभाव झाला. १९३१ मध्ये गांधीजींना अर्धनग्न फकीर म्हणणारा हा माणूस, बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेल्यानंतर, १९४४ साली व्हाइसरॉय वेव्हेलला तारेने विचारतो की, गांधी अजून मेले कसे नाहीत! वेव्हेलने रोजनिशीत ती तार चिडखोर असल्याची नोंद केली आहे. मला त्यात चिडण्यापेक्षा जास्त काही दिसते.

१९५५ साली मात्र याच चर्चिलने नेहरूंना लिहिलेल्या पत्रात त्यांच्यासाठी ‘आशियाचा प्रकाश’ असे शब्द वापरले. गवताच्या माणसांना तोवर जेमतेम आठ वर्षे झाली होती. एवढे आपल्या सकाळच्या कट्ट्यावर अवश्य सांगावे, आणि तो संदेश पाठवणाऱ्या काकांना सर्वांत आधी.

आईस साष्टांग नमस्कार.

आपली मुलगी