यतिभंग

कोल्हापूर,
भाद्रपद वद्य चतुर्दशी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन महिना होत आला. उत्तराला उशीर झाला, याचे कारण आळस नव्हे. गुळ्या गेल्याचे कळल्यावर तू सांत्वनाचे एकही वाक्य लिहिले नाहीस, फक्त विचारलेस, "पहाटे त्याच्याबरोबर फिरताना ज्या कविता म्हणायचास, त्यांचे आता काय करतोस?" या प्रश्नाचे खरे उत्तर मला चार दिवसांपूर्वी, वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी सापडले, म्हणून आज लिहायला बसलो आहे.

गुळ्या आमच्याकडे कसा आला, हे तुला अर्धवटच ठाऊक असेल. वडील एका पौष महिन्यात करवीर तालुक्यातील ओळखीच्या गुऱ्हाळावर काकवी आणायला गेले होते. थंडीच्या दिवसांत तिथली कुत्री चुलवाणाच्या उबेला, चिपाडांच्या ढिगात पडून असतात. त्यातले एक पिल्लू वडिलांच्या चपलेवर येऊन झोपले. काकवीची किटली एका हातात आणि कापडी पिशवीतले पिल्लू दुसऱ्या हातात, असे ते घरी परतले तेव्हा पिल्लाचे पुढचे दोन्ही पाय काकवीने चिकट झाले होते. रंग थेट ताज्या ढेपेचा, त्यामुळे नावाचा विचार करावाच लागला नाही. वडील गेल्यानंतर तो माझा झाला असे लोक म्हणत, पण खरे म्हणजे वडिलांच्या पहाटेच्या फेरीला एक माणूस कमी पडत होता, तिथे त्याने मला घेतले.

फेरीचा मार्ग त्याचाच होता. शुक्रवार पेठेतून गंगावेस, तिथून रंकाळावेस आणि मग रंकाळ्याच्या काठाने टॉवरपर्यंत. मी आपला मागून कविता म्हणत जायचो. गल्लीच्या तोंडाशी 'श्रावणमासी हर्ष मानसी' सुरू व्हायची आणि गंगावेस जवळ आली की 'औदुंबर'. दोन्ही बालकवींच्याच. ज्या माणसाला 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात ही पदवी मिळाली आणि जो 1918 च्या मे महिन्यात भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली गेला तेव्हा अठ्ठाविसावे वर्षही पुरे करू शकला नव्हता, त्याच्या ओळी पन्नाशी ओलांडलेला मी एका कुत्र्याला ऐकवत होतो. शाळेत पाठांतराच्या धाकाने 'श्रावणमासी'चा मला कंटाळा आला होता, हे तुझ्याइतके कोणाला माहीत नाही. तो कंटाळा गुळ्याने घालवला, कारण त्याला कविता पाठ आहे की नाही याच्याशी कर्तव्य नव्हते, माझा आवाज मागून येतो आहे एवढे त्याला पुरे होते.

आता मुख्य गोष्ट सांगतो. 'औदुंबर' आठ ओळींची कविता आहे आणि तिच्या प्रत्येक ओळीत सोळा मात्रांनंतर विराम, म्हणजेच यति, येतो. 'ऐल तटावर पैल तटावर' इथे थांबायचे आणि मग 'हिरवाळी घेऊन'. याच कोल्हापुरात, राजाराम महाविद्यालयात शिकवणाऱ्या माधव जूलियनांनी 'छंदोरचना' लिहून आपल्या वृत्तांचा सगळा हिशेब मांडून ठेवला आहे, आणि वसतिगृहात असताना आपण दोघे बोटांवर मात्रा मोजत त्यावरून भांडलेलो आहोत. गुळ्याला मात्र सोळा मात्रांशी देणेघेणे नव्हते. तो थांबायचा गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर, जिथे म्हशी उभ्या असतात आणि गिऱ्हाईक समोरच काढलेले धारोष्ण दूध पेल्याने पिते. एक गवळी किटलीच्या झाकणात दोन घोट दूध त्याच्यासाठी ओतायचा. माझी कविता तोवर पाचव्या ओळीवर, 'पायवाट पांढरी' इथपर्यंत आलेली असायची. सोळा मात्रा व्हायला अजून पाच शिल्लक, पण साखळी ताठ व्हायची आणि मला थांबावे लागायचे. तो झाकण चाटून पुसून, मिशांवरचा फेस उडवून पुढे निघाला की मग 'तयांतुनि अडवी तिडवी पडे'. वर्षानुवर्षे हा यतिभंग रोज झाला. पुढचा थांबा रंकाळावेशीतल्या एका शिंप्याच्या पायरीपाशी, तिथे 'काळ्या' आणि 'डोहाकडे' यांची फाटाफूट व्हायची. तिथे तो काय हुंगत असे, ते मला शेवटपर्यंत कळले नाही.

तो वैशाखात गेला. वय झाले होते, मूत्रपिंडे थकली होती, त्यावर अधिक लिहीत नाही. मामांच्या शेतात, नरसोबाच्या वाडीच्या अलीकडे, त्याला पुरले. तिथे औदुंबर असता तर पत्राला शोभा आली असती, पण तिथे बाभळीचा बांध आहे, आणि तुला मी खोटे लिहिणार नाही.

माणसाची आठवण तिथीला येते, जनावराची ऋतूला येते, असे मला या चार महिन्यांत वाटू लागले आहे. मृगाचा पहिला पाऊस झाला त्या दिवशी सगळे घर मातीच्या वासाने भरले आणि मला काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहिले. रात्री आई म्हणाली, "ओल्या कुत्र्याची घाण येत नाही रे यंदा." तेच ते होते. आषाढात नदीच्या नव्या पाण्याचे कलश घेऊन गल्ली टेंबलाईला निघाली, 'पी-ढबाक' वाजू लागले आणि आम्ही दोघांनीही एकाच वेळी पलंगाखाली पाहिले. त्या वाद्याची त्याला इतकी धास्ती होती की मिरवणूक गेल्यावरही तासभर शेपूट बाहेर दिसत नसे.

पावसाळ्याचा विषय निघाला म्हणून 2019 चा महापूर आठवला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोक्याची पातळी 43 फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेले. आम्ही गुळ्यासह माडीवर होतो, खाली जिन्याच्या पायऱ्या एकेक करून बुडत होत्या. आई गच्चीच्या दारात उभी राहून इंदिरा संतांची ओळ पुटपुटत होती, 'नको नको रे पावसा, असा धिंगाणा अवेळी'. बेळगावच्या त्या कवयित्रीने पतीच्या निधनानंतरचे सारे एकटेपण कवितेत किती मोजक्या शब्दांत ठेवले, यावर आई नेहमी बोलते. त्या दिवशी मात्र ती ओळ तिने अगदी शब्दशः, पावसालाच उद्देशून म्हटली. गुळ्याचे दुःख निराळे होते. घर हे घाण करण्याची जागा नव्हे, हा त्याचा नेम. गच्ची घरातच मोडते, असा त्याचा समज. दीड दिवस त्याने रोखून धरले. शेवटी आईने कोरांटीची कुंडी पुढे ओढली आणि म्हणाली, "घे बाबा, हे तुझे अंगण." त्याने आमच्याकडे पाठ फिरवली आणि बराच वेळ कुंडीची सेवा केली. कोरांटी पुढे जगली नाही.

पाळीव प्राण्यांवरच्या मराठी कविता मी या काळात मुद्दाम शोधल्या. बहुतेक बालगीते निघाली, आणि मोठ्यांसाठी लिहिलेल्यांपैकी ज्या हाती लागल्या त्या फार लवकर रडू लागतात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्याच्या मागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा मला त्या सगळ्यांहून खरी वाटते, कारण तिच्यात कोणी कुत्र्याचे गुण गात नाही, भाकरी कोरडी राहू नये एवढीच काळजी आहे. माझ्यापुरती गुळ्याची कविता म्हणजे 'औदुंबर', जिच्यात कुत्रा औषधालाही नाही.

आता श्राद्धाचे. पान वाढताना गाईचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा घास वेगळा काढतात, हे तुला माहीत आहेच. वडील गेल्यापासून कुत्र्याचे पान दर वर्षी गुळ्याचे असे. तो आधी वडा खाई, मग खीर, आणि अळूची भाजी शिवत नसे. यंदा कावळा लगेच शिवला. आईने कुत्र्याचे पान नेहमीच्या जागी, फाटकाच्या आत ठेवले आणि दार लोटून घेतले. तासभर कोणी आले नाही. गल्लीतली कुत्री दुपारी कुठे असतात देव जाणे. मी पान उचलले आणि कारण नसताना गंगावेशीच्या वाटेला लागलो. वैशाखापासून पायी त्या बाजूला गेलो नव्हतो. तोंडातून कविता केव्हा सुरू झाली ते कळले नाही. 'पायवाट पांढरी' म्हटले आणि पाय थांबले. साखळी नव्हती, कट्टा दुपारचा रिकामा होता, म्हशी नव्हत्या, फक्त शेणाचा आणि ओल्या वैरणीचा वास. पुढचे शब्द ओठांवर होते, तरी येईनात. एक आटलेल्या आचळांची तांबूस कुत्री कुठूनशी आली. पान खाली ठेवले. तिने आधी अळूची भाजी खाल्ली, मग खीर, आणि वडा तोंडात धरून बोळात निघून गेली. त्यानंतर मी 'तयांतुनि' म्हणालो.

तर तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे की कविता म्हणतो, पण सोळा मात्रांवर थांबणे मला आता जमत नाही, आणि जमवायची इच्छाही नाही.

दुसरे पिल्लू आणण्याचे तू सुचवले आहेस. आई 'नाही' म्हणते, पण परवा तिने गुळ्याची ॲल्युमिनियमची थाळी घासून उन्हात ठेवली होती. गुऱ्हाळे दिवाळीच्या सुमारास पेटतील, तेव्हा पाहू.

नोव्हेंबरात किरणोत्सवाला ये. मावळतीची किरणे दिवसागणिक अंबाबाईच्या चरणांपासून वर चढत जातात, ते तू एकदाही पाहिलेले नाहीस. येताना आपली वसतिगृहातली कवितांची वही नक्की आण. सातवी ओळ 'झाकळुनी जळ' अशी आहे की 'झाकोळुनी', यावरून आईचा आणि माझा वाद चालू आहे, आणि तुझ्या अक्षरातली प्रत तिला मान्य आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना खोलीसोबती