पुनर्विकासाच्या वाहतूक अहवालात माणसेही मोजा

प्रति,
संपादक,
महोदय,

मुंबईत जुन्या इमारतीच्या जागी टॉवर उभा करायचा झाला, तर मोठ्या प्रकल्पांच्या बाबतीत त्याचा आसपासच्या वाहतुकीवर काय परिणाम होईल हे कागदोपत्री तपासले जाते. ते नेमके कसे तपासतात याकडे मात्र पुनर्विकासाच्या चर्चेत कोणी वळत नाही; वाढीव क्षेत्रफळ, दरमहा भाडे आणि कॉर्पस फंड (विकासकाकडून मिळणारा राखीव निधी) यापलीकडे ती चर्चा सहसा जातच नाही. मी विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात राहतो आणि आमच्या संस्थेच्या पुनर्विकास समितीवर काम केले आहे. त्या निमित्ताने परिसरातील एका प्रकल्पाचा वाहतूक अहवाल पानोपान वाचायला मिळाला. तो वाचून जे प्रश्न पडले ते आपल्या वाचकांपुढे ठेवणे मला गरजेचे वाटते.

अहवालात तक्ते भरपूर होते. जवळच्या चौकात सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी मोटारी, दुचाकी, रिक्षा, टेम्पो आणि बस पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत मोजल्या होत्या. या सगळ्यांचे रूपांतर पुढे 'प्रवासी कार एकक', म्हणजे पीसीयू, या एकाच मापात केले जाते. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मोटारीला १ धरतात, तर बसला एकूण वाहतुकीतील तिच्या प्रमाणानुसार २.२ ते ३.७. कोणते वाहन रस्ता किती अडवते एवढेच पाहायचे असेल तर हे गणित चुकीचे नाही. पण गर्दीच्या वेळी बसमध्ये साठ माणसे असतात आणि मोटारीत बहुधा एक किंवा दोन, ही गोष्ट त्या आकड्यात कुठेच उरत नाही. पायी चालणाऱ्याला तर एककच नाही. त्या अहवालात पादचाऱ्यांचा रकानाही नव्हता. आणि आमच्या वसाहतीतून पूर्व द्रुतगती महामार्ग ओलांडून स्टेशन गाठणारी माणसे रोज सकाळी त्याच चौकातून जातात.

या मोजणीवरून रस्त्याला 'ए' (मोकळा) ते 'एफ' (कोंडलेला) असा सेवास्तर दिला जातो. ही पद्धत अमेरिकेत १९६५ च्या महामार्ग क्षमता नियमपुस्तिकेतून रूढ झाली. तिथल्या मोजमापानुसार सिग्नलवर वाहनाला सरासरी ८० सेकंदांहून अधिक थांबावे लागले की तो चौक 'एफ' ठरतो. एकदा प्रश्न वाहनाच्या खोळंब्याचा ठरला की उत्तरेही ठरून जातात: रस्ता रुंद करा, पदपथ कापा, डावे वळण मोकळे ठेवा, पादचाऱ्यांच्या हिरव्या दिव्याचे सेकंद कमी करा. आमच्याकडे प्रत्येक नव्या टॉवरच्या फाटकासमोर पदपथ उतरता करून मोटारींसाठी रॅम्प केला आहे, त्यामुळे पाठीला दप्तर अडकवलेले मूल किंवा काठी घेतलेल्या आजी दर थोड्या अंतरावर खाली उतरतात आणि पुन्हा वर चढतात. त्यांना लागणारा वेळ आणि त्यांना असलेला धोका कोणत्याही सेवास्तरात बसत नाही.

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्यावरची जागा वाटताना वाहनांपेक्षा माणसांचा विचार करावा, असे स्पष्ट म्हटले आहे. तसे न झाल्यास काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. परळ-प्रभादेवी भागात गिरण्यांच्या जमिनींवर कचेऱ्यांच्या इमारती एकामागून एक उभ्या राहिल्या. तिथे कामाला येणाऱ्यांची संख्या अनेक पटींनी वाढली आणि स्टेशनचा पादचारी पूल होता तसाच अरुंद राहिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी त्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. इमारतींना परवानगी देणारी यंत्रणा एक, पूल दुसऱ्या यंत्रणेचा. खालच्या रस्त्यावर मोटारींना किती सेकंद थांबावे लागते, या मोजणीतून त्या पुलावरची गर्दी कधीच दिसली नसती.

कॅलिफोर्नियाने ही पद्धत बदलली आहे. तिथे २०१३ मध्ये केलेल्या कायद्यानुसार १ जुलै २०२० पासून राज्यभर पर्यावरणीय तपासणीत वाहनांच्या खोळंब्याऐवजी, नव्या बांधकामामुळे मोटारींचा एकूण प्रवास किती मैलांनी वाढेल हे पाहिले जाते. त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. जुन्या मापाने शहराच्या मध्यातील, रेल्वेजवळची घरे दोषी ठरत, कारण तिथले चौक आधीच भरलेले असतात. उलट गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यालगतची, मोटारीवाचून पान हलणार नाही अशी वसाहत सहज पार पडत असे.

तरीही हे माप जसेच्या तसे मुंबईत आणावे, असे मला वाटत नाही. तिथल्या नियमावलीत मोठ्या सार्वजनिक वाहतूक स्थानकापासून अर्ध्या मैलाच्या, म्हणजे साधारण ८०० मीटरच्या, आतील प्रकल्पाचा परिणाम सामान्यतः नगण्य धरला जातो. आपल्याकडे ती सवलत दिली तर मुंबईतील असंख्य प्रकल्प काहीही न तपासता सुटतील. आपल्या फलाटांवर, जिन्यांवर आणि बसथांब्यांवर आधीच मावत नाहीत इतकी माणसे आहेत. स्टेशनजवळ घरे व्हावीत, ती उंच असली तरी हरकत नाही; पण त्या घरांतली माणसे स्टेशनपर्यंत कशी जाणार आणि त्या जिन्यावर कशी मावणार, हे मोजल्यावाचून परवानगी देऊ नये.

दुसरी अडचण प्रत्येक प्रकल्प सुटा मोजण्याची आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोठी हीच. ज्या पर्यावरण मंजुरीत वाहतुकीचा परिणाम तपासला जातो, तिची अट २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाला लागू होते. आमच्यासारख्या म्हाडा वसाहतीत विकास नियंत्रण नियमावलीच्या नियम ३३(५) खाली एकेक संस्था आपापल्या विकासकासह पुढे जाते आणि त्यातले अनेक प्रकल्प या मर्यादेच्या आत राहतात. प्रत्येकाची भर किरकोळ दिसते, पण ओळीने दहा संस्था उठल्या की तोच अंतर्गत रस्ता, तोच एक बसथांबा आणि महामार्गाकडे जाणारा तोच चौक सगळ्यांच्या वाट्याला येतो. मोठ्या प्रकल्पांच्या मंजुरीतील प्रमाणित अटींमध्ये परिसरातील सर्व बांधकामांचा एकत्रित परिणाम धरून वाहतूक आराखडा करावा, असे लिहिलेले असते. एकत्रित आकडे कोणाकडेच नसतील तर विकासकाचा सल्लागार ते आणणार कुठून? म्हाडा २०१८ पासून आपल्या वसाहतींसाठी स्वतःच नियोजन प्राधिकरण आहे. जमीन तिची आणि मंजुरीही तिचीच, तेव्हा संपूर्ण वसाहतीचा एकच वाहतूक अभ्यास करून घेणे तिच्या हातात आहे. त्यात पादचारी, बसप्रवासी आणि शेअर रिक्षाच्या रांगेत उभी असलेली माणसे मोजली जावीत. फाटकावर थांबणाऱ्या शाळेच्या बस, पाण्याचे टँकर आणि दिवसभर येणाऱ्या घरपोच सेवेच्या दुचाकीही मोजाव्यात. पोडियममध्ये, म्हणजे टॉवरच्या खालच्या मजल्यांवर, वाहनतळाच्या किती जागा आहेत यावरून यांचा अंदाज येत नाही, आणि रस्ता प्रत्यक्षात अडतो तो बहुतेक वेळा यांच्यामुळेच.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही. गळक्या छताखाली, लोखंड उघडे पडलेल्या खांबांच्या आधाराने राहणे काय असते ते आम्ही जाणतो. पण जादा चटईक्षेत्रासाठी विकासक जे अधिमूल्य (प्रीमियम) भरतो, त्यातला ठरावीक वाटा त्याच वसाहतीचे पदपथ, महामार्ग ओलांडण्याची सोय आणि बससेवा यांसाठी राखून ठेवायला हवा. एकेकाळी चार हजारांहून अधिक बस चालवणाऱ्या 'बेस्ट'चा ताफा आता तीन हजारांच्याही खाली आला आहे, आणि नव्या टॉवरमधल्या कुटुंबाला थांब्यावर बस मिळाली नाही तर ते मोटार घेणारच.

शेवटी अहवालांच्या पडताळणीविषयी. इमारत राहती होऊन वर्ष झाल्यावर त्याच चौकात पुन्हा मोजणी झाली आणि ती अहवालातील अंदाजाशी ताडून पाहिली, असे आमच्या वसाहतीत कोणी पाहिलेले नाही. या फेरमोजणीचा खर्च विकासकाकडून भोगवटा प्रमाणपत्रापूर्वीच अनामत म्हणून घ्यावा, ती त्रयस्थ संस्थेकडून करून घ्यावी, आणि दोन्ही अहवाल मराठीत म्हाडाच्या व महापालिकेच्या संकेतस्थळांवर ठेवावेत, अशी माझी या दोन्ही यंत्रणांना आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक रहिवासी,
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई