पटकथाकाराचेही नाव घ्या

महोदय,
‘बॅलड ऑफ अ सोल्जर’ (1959) हा सोव्हिएत चित्रपट म्हटले की दिग्दर्शक ग्रिगोरी चुखराय यांचेच नाव निघते. त्यांच्यासोबत ही पटकथा लिहिणारे व्हॅलेंटिन येझोव्ह (1921-2004) मात्र बाजूलाच राहतात. याचे मनापासून वाईट वाटते.

दोन रणगाडे निकामी करणारा कोवळा सैनिक अल्योशा पदक नाकारतो आणि आईच्या घराचे छप्पर शाकारायला रजा मागतो. मिळतात सहा दिवस: दोन जायला, दोन यायला, दोन छपरासाठी. वाटेत भेटेल त्याच्या मदतीला धावताना ते संपतात आणि आईला मिळते फक्त उभ्याउभ्या भेट. तो परतणार नाही, हे प्रेक्षकाला आरंभीच सांगितलेले असते! इतके धाडसी लेखन क्वचितच दिसते. या पटकथेला ऑस्करचे नामांकनही मिळाले होते.

पुढे लारिसा शेपित्को यांचा ‘विंग्ज’ (नतालिया र्‍याझान्त्सेवांसह), कोंचालोव्हस्की यांचा ‘सायबेरियाड’, शिवाय ‘व्हाइट सन ऑफ द डेझर्ट’ यांच्या लेखनातही येझोव्ह होतेच. ‘व्हाइट सन ऑफ द डेझर्ट’ तर रशियन अंतराळवीर उड्डाणापूर्वी आवर्जून पाहतात.

फिल्म सोसायट्यांनी आपल्या माहितीपत्रकांत दिग्दर्शकाशेजारी पटकथाकाराचे नाव तेवढ्याच ठळकपणे छापावे, ही कळकळीची विनंती.

– एक चित्रपटप्रेमी, पुणे