वर पब, खाली आम्ही

महोदय,

बाणेरमध्ये आता चौकाचौकात कॅफे आणि गच्च्यांवर पब झाले आहेत. त्याला विरोध नाही. तरुणांनी बसावं तरी कुठे? पण ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. आमच्या खिडक्यांच्या काचा नेमक्या त्याच वेळी थरथरतात. पोलीस आले की आवाज उतरतो, गाडी वळली की पुन्हा चढतो.

त्याहून मोठा ताप पार्किंगचा. सोसायटीच्या फाटकासमोर आडव्या गाड्या! रुग्णवाहिका आली तर व्हॅलेवाल्याला शोधत फिरायचं का? (इराण्याकडे बन-मस्का खाताना असले प्रश्न पडत नसत.) परवाना देण्याआधी अधिकाऱ्यांनी पार्किंगची जागा स्वतः येऊन पाहावी, तीही शनिवारी रात्री.

– एक रहिवासी, बाणेर, पुणे