ऑपरेशन मंजूर, मग रेडिएशन का अडवलंत?

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा दावे विभाग

विषय: स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रेडिएशनला कॅशलेस मंजुरी न देता प्रकरण लटकवल्याबाबत

महोदय,

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात कोल्हापुरातल्या तुमच्या यादीवरच्या रुग्णालयात माझ्या डाव्या स्तनातली गाठ काढली. काखेतल्या ग्रंथी तपासल्या, त्यांत रोग पसरलेला नव्हता. केमोची गरज नाही, जखम भरली की रेडिएशन सुरू करायचं, असं ठरलं. ऑपरेशनचं बिल तुम्ही कॅशलेसमध्ये भरलंत, त्याबद्दल तक्रार नाही. घोडं अडलंय ते त्याच्या पुढे. आज घट बसले. जखम भरलेली आहे, मशीन चालू आहे, डॉक्टर तयार आहेत, आणि माझं पहिलं सिटिंग अजून व्हायचं आहे. अडलंय फक्त तुमच्या मंजुरीवाचून.

तुमच्या पहिल्या मेलमध्ये बायोप्सीचा रिपोर्ट मागितला. तो ऑपरेशनच्या वेळीच दिलेला होता, तरी परत दिला. मग ऑपरेशनच्या नोंदी मागितल्या, त्या दिल्या. मग ‘ही गाठ पॉलिसीच्या आधीपासून होती का’ याचं डॉक्टरांचं पत्र. पॉलिसी सलग नूतनीकरण करून सात वर्षं झाली आहेत आणि 5 वर्षांनंतर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, असा मुद्दा काढता येत नाही हे तुमच्याच कागदात छापलंय. मी एका पतसंस्थेत कर्ज विभागात काम करते. प्रकरणात कागद कमी असतील तर सगळी यादी एकाच पत्रात द्यायची, कर्जदाराला एकेका कागदासाठी हेलपाटे घालायला लावायचे नाहीत, ही आमच्याकडची साधी रीत. तुमच्याकडे एक क्वेरी मिटली की दुसरी जन्माला येते.

शेवटी आलेलं उत्तर तर वाचून कपाळाला हात लावला. ‘रुग्ण 24 तास दाखल नसल्याने उपचार ओपीडी स्वरूपाचा आहे.’ रेडिएशनसाठी दाखल कोण होतं? टेबलावर झोपवून हात डोक्यावर ठेवायचा, खुणा जुळवायच्या, मशीन काही मिनिटं चालते आणि पेशंट घरी जातो. तुमच्या पॉलिसीच्या डे केअर, म्हणजे 24 तास दाखल न होता घ्यायच्या, उपचारांच्या यादीत ‘रेडिओथेरपी’ स्वच्छ लिहिलेलं आहे. त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे, पेनाने खूणही केली आहे. हे फोनवर सांगितलं तर तिकडच्या मुलाने हिंदीत सुचवलं की प्रत्येक सिटिंगसाठी वेगळा अर्ज करून बघा. डॉक्टरांनी 15 सिटिंगमध्ये 40 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) असा डोस लिहून दिलाय, सोमवार ते शुक्रवार, तीन आठवडे. म्हणजे तुमच्या हिशेबाने 15 अर्ज, आणि त्या प्रत्येकाला पुन्हा क्वेरी!

दुसरा सल्ला, ‘आता भरा, नंतर परत मिळतील.’ सोनेतारण कर्ज कसं द्यायचं हे मी रोज बघते. मंगळसूत्र घेऊन समोरच्या खुर्चीत बसायची माझी तयारी नाही. हप्ता मी वेळेवर भरलाय तो ह्यासाठीच.

मुख्य मुद्दा असा, की रेडिएशन हा जोडीला घेतलेला वेगळा उपचार नाही. स्तन पूर्ण न काढता फक्त गाठ काढली, ती पुढे रेडिएशन मिळणार हे धरूनच. अमेरिकेत 1976 मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे 20 वर्षांचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. नुसती गाठ काढलेल्या सुमारे 39 टक्के बायकांना त्याच स्तनात रोग पुन्हा झाला, रेडिएशन घेतलेल्यांत 14 टक्के. तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना हे मी सांगायला नको. त्यांनी अर्ध्या उपचाराला मंजुरी दिली आणि उरलेला अर्धा ओपीडी ठरवला. माझ्या डॉक्टरांनी ऑपरेशनपासून 8 आठवड्यांच्या आत सुरुवात व्हायलाच हवी असं लेखी दिलंय. त्यातले निम्म्याहून जास्त तुमच्या मेलांत गेले.

इकडे माझी तयारी पूर्ण आहे. हात वर जावा म्हणून भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम केला, आता हात सहज कानाला लागतो. किरण नेमके कुठे द्यायचे त्या प्लॅनिंगचा सीटी स्कॅन झालाय. डावी बाजू म्हणजे हृदय जवळ, म्हणून श्वास भरून रोखून धरायचा सरावही करून घेतलाय. अंगावर मार्करने केलेल्या खुणा पुसू नयेत म्हणून जपून अंघोळ करते. त्या गेल्या किंवा फार दिवस लोटले तर प्लॅनिंग परत करावं लागेल, आणि त्या दुसऱ्या सीटीचं बिलही तुमच्याकडेच येईल, हे लक्षात असू द्या. सासूबाई रोज सकाळी विचारतात, ‘लाइट घ्यायला कधी जायचं गं?’ त्यांना काय सांगू?

आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या 29 मे 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा असतो, आणि दावा नाकारायचा तर दावे पुनरावलोकन समितीची मान्यता लागते. माझ्या बाबतीत ती घेतली असेल तर तिची प्रत द्या.

सर्व 15 सिटिंगना मिळून एकच मंजुरी रुग्णालयाच्या विमा कक्षाला दोन दिवसांत पाठवा. नाकारायचंच असेल तर पॉलिसीतलं नेमकं कलम लिहून, जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने नाकारा. पुण्याच्या विमा लोकपालांकडे जायला कंपनीच्या उत्तरासाठी एक महिना थांबावं लागतं. तो महिना माझ्याकडे नाही, म्हणून आयआरडीएआयच्या विमा भरोसा या तक्रार पोर्टलवर आजच तक्रार नोंदवली आहे. ह्यापुढे फोन नको, जे असेल ते लेखी आणि मराठीत कळवा.

आपली,
पॉलिसीधारक
राजारामपुरी, कोल्हापूर

सोबत: पॉलिसीची प्रत, डे केअर यादीचं पान, डॉक्टरांचं पत्र, आजवरचे सर्व मेल